जुन्या कॅबिनेटमध्ये नवे कार्ड: वाचकांचे प्रश्न

या वेळी जुन्या गेमिंग संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवण्याविषयीची पाच पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम लांबवले आहे, कारण बाकीच्यांच्या अडचणींची मुळेही बरीचशी तिथेच सापडतात.

प्रश्न: माझा संगणक २०१७ च्या दिवाळीत घेतलेला आहे. त्यात इंटेल कोअर आय५-७४०० प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, १ टीबीची हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचे कार्ड आहे. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबतच आलेला असून त्यावर ४५० वॅट असे छापले आहे. मॉनिटर १९२० बाय १०८० चा, ६० हर्ट्झचा आहे. दुकानदार म्हणतात की या प्रोसेसरवर नवे कार्ड घालणे म्हणजे पैसे पाण्यात. मित्र म्हणतो की कोणतेही कार्ड बसते, बिनधास्त घे. खरे कोणाचे मानावे? खर्चाची तयारी तीस हजारांपर्यंत आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर: दोघांचेही अर्धे खरे आहे. नवे कार्ड तुमच्या मदरबोर्डच्या खाचेत बसेल आणि चालेल. मात्र त्याची सगळी ताकद तुमच्या हाती लागणार नाही. किती लागेल हे तुम्ही कोणते गेम कशा सेटिंगवर खेळता यावर ठरते, आणि एक रुपयाही खर्च करण्याआधी ते घरच्या घरी मोजता येते.

गेममधली प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, दोघांच्या हातांखालून जाते. पात्रे कुठे उभी आहेत, गोळी कुठे लागली, शत्रू आता काय करणार, हे सगळे ठरवून चित्र काढण्याच्या सूचना प्रोसेसर तयार करतो आणि त्या सूचनांवरून प्रत्यक्ष चित्र कार्ड काढते. घरात एक जण पोळ्या लाटतो आणि दुसरा भाजतो, तसाच हा प्रकार आहे. तवा कितीही मोठा आणला, तरी लाटणाऱ्याचा हात चालेल तेवढ्याच पोळ्या ताटात पडणार. रिझोल्यूशन वाढवले की भाजणाऱ्याचे काम वाढते, लाटणाऱ्याचे जवळजवळ तेवढेच राहते, आणि आपल्या चाचणीचा आधार नेमका हाच आहे.

एमएसआय आफ्टरबर्नर हा मोफत प्रोग्रॅम कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतो आणि खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा (काम करणाऱ्या भागाचा) वापर आणि सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेमची संख्या दाखवतो. व्ही-सिंक (फ्रेमना मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर आकडा ६० वरच अडकेल आणि निष्कर्ष चुकेल. मग तुमच्या नेहमीच्या गेममधल्या एखाद्या गर्दीच्या जागी उभे राहून आकडे टिपून ठेवा. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल, तर अडथळा कार्डाचा आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असूनही फ्रेम कमी पडत असतील, तर प्रोसेसर मागे पडतो आहे. आता बाकी कोणतीही सेटिंग न बदलता रिझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणा. कार्डाचा वापर खाली येऊन जो आकडा मिळेल, तो तुमच्या प्रोसेसरचा माथा होय; नवे कार्ड कितीही महागाचे घेतले, तरी त्या गेममध्ये त्याच सेटिंगवर याहून फारशा जास्त फ्रेम मिळणार नाहीत. समजा १०८० वर ३४ आणि ७२० वर ६२ फ्रेम मिळाल्या, तर ६० हर्ट्झच्या मॉनिटरसाठी तुमचा प्रोसेसर अजून पुरेसा आहे, मग दुकानदार काहीही म्हणोत. दोन्ही वेळी ४० च मिळाल्या, तर मात्र त्यांचे ऐकावे.

माझा अंदाज असा आहे की मोकळ्या जगाच्या, एकट्याने खेळायच्या गेममध्ये तुमचे १०५० टीआयच आधी दमत असेल, आणि व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक गेममध्ये प्रोसेसर. आय५-७४०० मध्ये ४ कोअर आणि ४ च थ्रेड (एका वेळी हाती घेता येणारी कामे) आहेत, त्यामुळे सरासरी आकडा बरा दिसूनही मधूनमधून झटके बसतात. त्याच सॉकेटमध्ये आय७-७७०० बसतो. त्यात कोअर तेवढेच असले तरी थ्रेड ८ आहेत, आणि तो जुन्या बाजारात वाजवी दरात मिळाला तर हे झटके बरेच कमी होतात. मात्र इथे एक फसगत नेहमी होते. आठव्या पिढीतला ६ कोअरचा आय५-८४०० दिसायला त्याच एलजीए ११५१ सॉकेटचा आहे, पण तो २०० मालिकेच्या, म्हणजे तुमच्या बी२५० सारख्या, चिपसेटवर चालत नाही. "सॉकेट एकच आहे, चालेल की" असे कोणी सांगितले, तर चालवून दाखवायला सांगा.

आता ज्या वस्तूविषयी तुम्ही विचारलेच नाही, तिच्याकडे वळतो. तुमच्या यादीतली मला सर्वांत जास्त काळजी वाटणारी वस्तू तो एसएमपीएस आहे. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवरच्या ठळक आकड्याला फारसा अर्थ नसतो. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. तिथे १६ अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि कार्ड या दोघांना मिळून १९२ वॅट मिळतात, मग वर ४५० लिहिलेले असो की ५००. उदाहरणार्थ, आरटीएक्स ३०६० हे कार्ड एकटे १७० वॅट घेते, तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा आहे, आणि पंखे व डिस्क वेगळ्या. हे गणित जमत नाही. तुमच्या १०५० टीआयचे ७५ वॅटमध्ये भागते आणि तेवढी वीज खाचेतूनच मिळते, म्हणून इतकी वर्षे हा उणेपणा उघड झाला नाही.

नव्या कार्डाला मागून वेगळी वायर लागेल. सहा पिनांची वायर ७५ वॅटसाठी आणि आठ पिनांची १५० वॅटसाठी असते. तुमच्या एसएमपीएसमध्ये ती नसेल, तर दुकानात हार्ड डिस्कच्या साटा जोडणीवरून सहा पिन काढून देणारा स्वस्त अडॅप्टर हातावर ठेवतील. तो घेऊ नका. साटाच्या जोडणीतून १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५४ वॅट घ्यायचे असतात. कार्ड त्याहून जास्त ओढू लागले की आधी प्लास्टिक मऊ होते आणि मग वास येतो. माझ्या स्वतःच्या टेबलाखालचा एक बिननावाचा एसएमपीएस एका मे महिन्यातल्या दुपारी सुतळी बॉम्बसारखा आवाज करून गेला होता. सोबत दुसरे काही गेले नाही, हे केवळ नशीब.

म्हणून ८० प्लस या कार्यक्षमतेच्या खुणेने प्रमाणित, १२ व्होल्टवर खरोखरच ५०० ते ५५० वॅट देणारा एसएमपीएस आधी घ्या. आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटची आहे, आरएक्स ६६०० साठी एएमडीची ४५० वॅटची. त्याबरोबर यूपीएसचाही हिशेब करून ठेवा. आपल्याकडे घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, आणि ३०६० असलेला संगणक पूर्ण भाराखाली मॉनिटरसह जवळजवळ तिथपर्यंत पोचतो. म्हणजे गेम ऐन रंगात असताना वीज गेली, तर यूपीएस शिटी मारून संगणकासकट बंद पडण्याची शक्यता बरीच आहे.

खाचेविषयी थोडे सांगतो. तुमच्या मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेस ३.० ची १६ मार्गिकांची (माहिती ये-जा करण्याच्या वाटांची) खाच आहे आणि नवी कार्डे ४.० किंवा ५.० ची असली, तरी ती इथे ३.० च्या वेगाने चालतात. अडचण आहे ती मार्गिकांची. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६० आणि ५०६० ही कार्डे दिसायला लांब असली तरी ८ च मार्गिका वापरतात, त्यामुळे तुमच्या बोर्डावर त्यांना सेकंदाला सुमारे १६ ऐवजी ८ जीबीचाच रस्ता मिळतो. गेमचा सगळा माल कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावत असेल, तर हा फरक किरकोळ असतो. तो मावेनासा झाला आणि मुख्य रॅममधून ओढावा लागला, की फ्रेम अडखळतात. ४ च मार्गिका आणि ४ जीबी मेमरी असलेले आरएक्स ६५०० एक्सटी जुन्या बोर्डावर सपशेल लंगडते. ते स्वस्तात मिळाले तरी नको. इंटेलच्या आर्क या कार्डांच्या मालिकेला रिसायझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) लागते आणि त्यासाठी इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगते, म्हणून किंमत मोहात पाडणारी असली तरी तीही तुमच्यासाठी बाद.

राहिले ते आरएक्स ६६०० आणि १२ जीबीचे आरटीएक्स ३०६०. पहिले १३२ वॅटमध्ये भागवते आणि जुन्या प्रोसेसरवर एएमडीच्या ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) भार डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये तुलनेने कमी पडतो. दुसरे पूर्ण १६ मार्गिका वापरते आणि १२ जीबीमुळे मेमरी ओसंडण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. तुमच्या जागी मी असतो, तर चांगल्या स्थितीतले ३०६० मिळाल्यास ते घेतले असते, आणि नव्या कोऱ्या कार्डाचाच आग्रह असता तर ६६००.

तीस हजार रुपये सगळे कार्डात मात्र घालू नका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तुमचा सातव्या पिढीचा प्रोसेसर नाही, त्यामुळे या मदरबोर्डचे आयुष्य आता फार उरलेले नाही. पुढच्या संगणकात उचलून नेता येईल अशाच वस्तूंवर मोठा खर्च करावा: एसएमपीएस, कार्ड आणि एक एसएसडी. नवे गेम हार्ड डिस्कवरून चालवणे आता त्रासाचे झाले आहे. सायबरपंक २०७७ च्या किमान गरजांमध्ये तर २०२३ पासून एसएसडीच लिहिलेली आहे. रॅमची ८ जीबीची दुसरी पट्टी मात्र अपवाद म्हणून घ्या, जरी डीडीआर४ पुढच्या बोर्डावर बहुधा चालणार नाही. एक पट्टी असली की मेमरीचा अर्धाच रस्ता उघडा राहतो, शिवाय ८ जीबीत आजचे गेम घुसमटतात. मेमरीचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चांगलेच चढले आहेत, तेव्हा जुनी पट्टी मिळाली तरी चालेल. रॅम सहसा दगा देत नाही.

प्रश्न: मुलीसाठी मोठ्या कंपनीचा, कार्यालयात वापरलेला सडपातळ संगणक घेतला आहे. तिला गेमसाठी त्यात कार्ड हवे आहे. पुस्तकाएवढ्या जाडीच्या या डब्यात ते बसेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: बसेल, पण निवडीला फार वाव नाही. अशा संगणकात नेहमीच्या उंचीचे कार्ड उभे राहत नाही, अर्ध्या उंचीचे म्हणजे लो-प्रोफाइल कार्डच लागते. शिवाय आतला एसएमपीएस त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचा आणि जोडणीचा असतो, त्यामुळे तो काढून बाजारातला मोठा बसवण्याचा मार्ग बंदच समजावा. म्हणून ज्याला वेगळी वायर लागत नाही आणि जे खाचेतल्या ७५ वॅटमध्ये भागवते, असेच कार्ड पाहा. आज या गटात माझी पसंती ६ जीबीच्या आरटीएक्स ३०५० ला आहे. ते ७० वॅटचे आहे आणि अर्ध्या उंचीतही मिळते. मागताना "६ जीबीचे" हे दोनदा सांगा, कारण त्याच नावाचे ८ जीबीचे कार्ड १३० वॅटचे आहे आणि ते तुमच्या डब्यात कामाचे नाही. एकच नाव दोन वेगळ्या वस्तूंना देण्याची ही खोड कंपन्यांना जुनी आहे. जीटीएक्स १०६० च्या ३ आणि ६ जीबीच्या कार्डांत फरक केवळ मेमरीचा नव्हता, चिपमधले कोअरही कमी-जास्त होते.

विकत घेण्याआधी एसएमपीएसवरचे वॅट वाचा आणि खाचेसमोरची मोकळी जागा पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. कार्डासोबत अर्ध्या उंचीची पत्र्याची पट्टी खोक्यात आहे ना, हेही दुकानातच उघडून पाहा. ती नसेल तर कार्ड डब्यात घट्ट बसवता येणार नाही.

प्रश्न: वापरलेले कार्ड घ्यावे म्हणतो. मायनिंगमध्ये वापरलेले निघाले तर? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: इथरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी कार्डांवरचे मायनिंग, म्हणजे आकडेमोड करून चलन कमावणे, बंद केले आणि त्यानंतर हजारो कार्डे जुन्या बाजारात उतरली, म्हणून ही शंका योग्यच आहे. मात्र मायनिंगचे कार्ड म्हणजे मेलेले कार्ड नव्हे. ते स्थिर तापमानावर अखंड चालते. झिजतात ते पंखे, आणि सुकतात ते चिपवरची पेस्ट व मेमरीवरचे पॅड. पंखा बदलता येतो, पेस्टही नवी लावता येते. दमट किनारी हवेत उघड्यावर चाललेल्या कार्डावर गंज चढलेला दिसला, तर मात्र मागे वळून बघू नका.

मला जास्त भीती बनावट कार्डांची वाटते. जुन्या, बिनकामाच्या चिपवर नवे नाव चढवून विकलेली कार्डे बाजारात फिरत असतात, आणि विंडोजही तेच खोटे नाव दाखवते. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन जा. तो चिपची खरी ओळख वाचतो आणि माहितीतली बनावट कार्डे तशी दाखवून देतो. आरएक्स ५८० मध्ये आणखी एक गोम आहे. मूळ कार्डात २३०४ शेडर (चित्राची आकडेमोड करणारे छोटे भाग) आहेत आणि त्याच नावाने विकले जाणारे एक कार्ड २०४८ शेडरचे आहे. ते बनावट नाही, पण मूळ कार्डाच्या किमतीलाही लायक नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ओळखीच्याकडून घ्या, कार्ड चालू संगणकात बसवलेले पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. फरमार्क हा कार्डावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम वीस मिनिटे चालवा, मग एखादा जड गेम अर्धा तास. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकडे उमटले, तर मेमरी गेली आहे असे समजा. बिलावरचा आणि कार्डावरचा अनुक्रमांक जुळवून पाहा. वॉरंटी उरली असेल तर ती त्याच क्रमांकावर मिळते. हे करू न देणाऱ्याकडून कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

प्रश्न: माझे ६ जीबीचे जीटीएक्स १०६० अजून ठणठणीत आहे, पण काही नवे गेम सुरूच होत नाहीत. सेटिंग कमी करून उपयोग होईल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर: होणार नाही, कारण इथे प्रश्न वेगाचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल हा गेम रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याचे) हार्डवेअर असल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि २०१६ च्या तुमच्या कार्डात ते नाही. असे गेम आता वाढत जातील. शिवाय एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहेत. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे जाहीर केले आहे. तुम्ही जुने गेम खेळत असाल, तर कार्ड काढण्याचे काहीच कारण नाही. त्याची पेस्ट बदला, पंख्यांतली धूळ काढा, आणि पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ सुरू ठेवा.

प्रश्न: नवे आरएक्स ७६०० बसवले, पण गेम पूर्वीइतकेच अडखळतात. दुकानदार कार्ड परत घ्यायला तयार नाहीत. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: कार्ड परत करण्याआधी संगणकाच्या मागे वाकून बघा. मॉनिटरची वायर वरच्या बाजूला, माऊस आणि कीबोर्डच्या जोडण्यांशेजारी असलेल्या एचडीएमआयमध्ये असेल, तर ती मदरबोर्डची जोडणी आहे आणि बहुतेक गेम प्रोसेसरमधल्या चिपवरच चालत असणार. वायर खाली, आडव्या बसवलेल्या कार्डाच्या जोडणीत लावा. हसू नका, ही चूक करणाऱ्यांमध्ये अनेक वर्षे संगणक जुळवणारी मंडळीही असतात, आणि त्यात मीही एकदा होतो.

वायर जागेवर असेल, तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष काढा. आधीचे कार्ड एनव्हिडियाचे होते का ते तुम्ही लिहिलेले नाही. असल्यास डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हा प्रोग्रॅम विंडोजच्या सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर पूर्ण काढा आणि मग एएमडीचा ताजा ड्रायव्हर घाला. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच अडकलेला नाही ना, हे पाहा. नवे कार्ड घातल्यावर ही निवड पुष्कळदा मूळपदावर जाते. एवढे करूनही फरक पडला नाही, तर सातारच्या वाचकांना सांगितलेली ७२० ची चाचणी करा आणि दोन्ही आकडे, प्रोसेसरच्या नावासह, आम्हाला कळवा.